इस्त्रीचे टेबल (शिवणकाम आणि गोधडीकाम)

इस्त्रीचे टेबल हे कापड सपाट पसरून त्यावर गरम इस्त्री करण्यासाठी वापरले जाणारे, गादी व आवरण घातलेले साधन होय. धुतलेल्या कपड्यांच्या सुरकुत्या काढणे हा त्याचा सर्वपरिचित उपयोग आहे. शिवणकामात आणि तुकडे जोडून केल्या जाणाऱ्या गोधडीच्या कामात मात्र त्याचे स्थान निराळे आहे. तेथे इस्त्री वस्तू तयार झाल्यावर नव्हे, तर ती तयार होत असताना, जवळजवळ प्रत्येक शिवणीनंतर करावी लागते. त्यामुळे घरगुती कपड्यांसाठी सोयीचे असलेले टेबल या कामाला अपुरे पडते. अशा टेबलावर काळजीपूर्वक कापलेले तुकडेही शेवटी एकमेकांशी जुळत नाहीत आणि दोष बहुधा कात्रीला किंवा शिवणयंत्राला दिला जातो.

नाव

'इस्त्री' हा शब्द 'ताणणे' या अर्थाच्या पोर्तुगीज 'एस्तिरार' या क्रियापदावरून भारतीय भाषांत आला असल्याचे मानले जाते. बोलीत या साधनाला 'इस्त्रीचे टेबल', 'इस्त्रीचा स्टँड' किंवा 'आयर्निंग बोर्ड' असे म्हणतात. पाय नसलेल्या व दुसऱ्या टेबलावर ठेवून वापरायच्या साधनाला 'फळा' म्हणणे अधिक नेमके ठरते. पुढे हा भेद पाळला आहे.

इतिहास

कापड गुळगुळीत करण्यासाठी फळीचा वापर फार जुना आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी बेटांवर स्कार येथील व्हायकिंगकालीन दफनात देवमाशाच्या हाडाची एक कोरीव पट्टिका सापडली. अशा पट्टिकांवर तागाचे कापड ठेवून ते काचेच्या गोळ्याने घासून गुळगुळीत करीत असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे कित्येक शतके जेवणाचे टेबल, किंवा दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी टाकलेली फळी, यांवरच काम भागवले जात असे.

अमेरिकेत १८५८ साली व्हँडेनबर्ग आणि हार्वी यांना इस्त्रीच्या टेबलाचे पेटंट मिळाले. या साधनाच्या इतिहासात सर्वाधिक घेतले जाणारे नाव मात्र सॅरा बून यांचे आहे. १८३२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मलेल्या बून पुढे कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे स्त्रियांचे कपडे शिवण्याचा व्यवसाय करीत. २६ एप्रिल १८९२ रोजी त्यांना पेटंट मिळाले (क्रमांक ४,७३,६५३). 'इस्त्रीच्या टेबलाचा शोध सॅरा बून यांनी लावला' असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते अचूक नाही. त्यांच्या पेटंटमध्येही ही सुधारणा असल्याचेच म्हटले आहे. पण ती सुधारणा नेमकी शिवणाऱ्या व्यक्तीला सुचावी अशी होती. त्या काळच्या स्त्रियांच्या पोशाखात कंबरेशी घट्ट बसणारी चोळी व वळणदार शिवणींच्या बाह्या असत. सरळ, रुंद फळीवर त्या पसरल्या की एक बाजू नीट होताना दुसऱ्या बाजूला घडी पडे. बून यांचा फळा अरुंद, कडेने वळणदार, गादी घातलेला आणि उलटसुलट वापरता येणारा होता. बाहीच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही शिवणी त्यावर बसत. टेबलाचा आकार कामाने ठरवावा, हा विचार तेथे स्पष्ट दिसतो.

न्यूयॉर्कचे हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये विजेच्या इस्त्रीचे पेटंट घेतले. घरोघरी वीज पोहोचल्यावर विजेची इस्त्री रूढ झाली आणि घडीचे, हलके, धातूच्या जाळीचे टेबल प्रचारात आले.

इस्त्री फिरवणे आणि इस्त्री दाबणे

टेबल कसे हवे हे समजण्यासाठी आधी दोन क्रियांतील फरक लक्षात घ्यावा लागतो. धुतलेल्या सदऱ्यावर इस्त्री फिरवली जाते, म्हणजे ती कापडावरून पुढेमागे सरकते. शिवणीवर इस्त्री दाबली जाते: ती उचलायची, टेकवायची, क्षणभर दाबायची आणि पुन्हा उचलून पुढच्या जागी ठेवायची. इस्त्री सरकवली तर गरम, किंचित ओलसर कापड तिच्याबरोबर ताणले जाते. उभ्या धाग्याच्या दिशेने हा ताण फारसा जाणवत नाही, आडव्या धाग्याच्या दिशेने थोडा जाणवतो आणि उरेब कडेवर तो इतका होतो की त्रिकोणाची बाजू सहज लांबते. लांबलेली बाजू पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही.

अमेरिकी पद्धतीच्या तुकडेजोड गोधडीत शिवणीची माया पाव इंच, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर असते. एका ओळीत १२ चौकोन असतील तर ११ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीपाशी कापडाची अगदी बारीक दुमड राहून केवळ १ मिलिमीटर कमी झाला, तरी ओळ ११ मिलिमीटरने आखूड होते. आणि शेजारची ओळ नीट दाबलेली असेल तर दोन्हींचे कोपरे जुळणे अशक्य होते. म्हणून अनुभवी गोधडीकार प्रथम शिवण आहे तशीच बंद ठेवून दाबतात, त्यामुळे टाका कापडात बसतो. मग तुकडे उघडून माया एका बाजूला वळवतात. ती बहुधा गडद कापडाकडे वळवली जाते, म्हणजे फिक्या कापडाखालून ती दिसत नाही. लागून येणाऱ्या दोन ओळींत माया परस्परविरुद्ध दिशांना वळवली की शिवणी एकमेकींत अडकतात व कोपरा आपोआप जुळतो. कपडे शिवताना याउलट माया बहुतेक वेळा मधून उघडून दोन्ही बाजूंना सपाट केली जाते.

हे सर्व करताना खालचा पृष्ठभाग कापडाला किती विरोध करतो यावर परिणाम अवलंबून असतो. बाजारातील टेबलाची निवड करताना बहुतेक लोक पायांची रचना, रंग आणि किंमत पाहतात. शिवणकामासाठी सर्वांत आधी तपासावा तो वरचा थर.

गादी आणि आवरण

तयार टेबलांवर अनेकदा फोमचा मऊ थर असतो. सदऱ्याच्या बटणपट्टीसाठी तो चांगला, कारण बटणे त्यात रुततात आणि पट्टी सपाट होते. शिवणीसाठी हाच गुण दोष ठरतो. मायेचा जाड भाग फोममध्ये खाली दबतो, इस्त्रीचा दाब विखुरतो आणि शिवण सपाट होण्याऐवजी गोलसर राहते. अतिमऊ पृष्ठभागावर तुकड्याचे कोपरेही वाकडे होतात. गोधडीकामासाठी पातळ पण भरीव गादी लागते. सुती भरीचे एक-दोन थर किंवा लोकरी ब्लँकेटची एक घडी, आणि त्यावर घट्ट ताणलेले सुती कॅनव्हास किंवा जाड मांजरपाट, ही रचना या कामाला सर्वाधिक मानवते. गादीत कृत्रिम धाग्याची भर असू नये. सुती कापडासाठी इस्त्रीचे तापमान सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि त्या उष्णतेत ती भर बसते, कडक होते किंवा चिकटते.

चंदेरी, परावर्तक आवरणे उष्णता वर परतवतात, त्यामुळे कापडाला खालूनही ऊब मिळते. त्यांची उणीव वाफेच्या इस्त्रीबरोबर दिसते: वाफ खाली निघून जात नाही, कापड ओलसर राहते आणि ओले कापड ताणले जाण्याचा धोका वाढतो. शिवाय अशी आवरणे गुळगुळीत असल्याने लहान तुकडे त्यांवरून घसरतात. सुती आवरण कापडाला किंचित धरून ठेवते.

काही आवरणांवर इंचांच्या चौकटी छापलेल्या असतात. तुकडा चौकोनी बसवण्यासाठी त्यांचा अंदाजे उपयोग होतो, परंतु त्यांवर माप घेऊ नये. आवरण ताणून बसवताना आणि वारंवारच्या उष्णतेने चौकटीही बदलतात.

अलीकडे गोधडीकारांत लोकरीच्या जाड नमद्याची चटई लोकप्रिय झाली आहे. साधारण एक सेंटिमीटर जाडीची ही चटई उष्णता धरून ठेवते, तुकडा दोन्ही बाजूंनी तापतो आणि शिवण दाबल्यावर सपाट होते. ती शिवणयंत्राच्या शेजारी कोठेही ठेवता येते, हा तिचा मोठा फायदा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. वाफ वापरल्यास तिला ओल्या घोंगडीसारखा वास येतो. शिवाय उष्णता आणि ओल तिच्यातून खाली झिरपतात. पॉलिश केलेल्या जेवणाच्या टेबलावर ती तशीच ठेवली तर पांढरा डाग उमटू शकतो.

वाफेची इस्त्री वापरायची असेल तर गादीखालचा भागही पाहावा. धातूच्या जाळीतून वाफ निघून जाते. जाळी नसलेल्या पत्र्यावर पाणी साचते. लाकडी भुशाचा दाबीव बोर्ड ओल शोषून फुगतो. मुंबई-कोकणाच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत जाळीचा रंग उडाला की गंज चढतो आणि तो आवरणातून वर येऊन पांढऱ्या कापडावर तांबूस डाग पाडतो. हे डाग धुऊन जात नाहीत.

आकार आणि कापडाचा पन्हा

घरगुती टेबल साधारणतः १२० ते १३५ सेंटिमीटर लांब आणि ३० ते ३८ सेंटिमीटर रुंद असते व एका टोकाला निमुळते होत जाते. हे टोक निरर्थक नाही. सदऱ्याचा खांदा, फ्रॉकचा घेर, पायजम्याचा पाय टोकावर चढवून फिरवता येतो आणि दोन पदर एकमेकांवर दाबले जात नाहीत. ज्यांचे काम मुख्यतः कपडे शिवण्याचे आहे त्यांनी निमुळते टोक सोडू नये.

गोधडीकामात या टोकाचा उपयोग जवळजवळ नाही. तेथे ती वाया गेलेली जागा असते. गोधडीसाठी वापरले जाणारे सुती कापड बहुधा ४२ ते ४४ इंच पन्ह्याचे असते आणि दुकानातून ते मधोमध दुमडून मिळते. दुमडलेली रुंदी होते सुमारे २२ इंच, म्हणजे ५६ सेंटिमीटर. कापण्यापूर्वी कापडाला इस्त्री करताना हा संपूर्ण पन्हा एकाच वेळी टेबलावर मावला, तर घडी सरळ राहते आणि पट्ट्या सरळ कापल्या जातात. ३५ सेंटिमीटर रुंदीच्या टेबलावर तेच कापड दोन-तीनदा सरकवावे लागते आणि दर वेळी लोंबणारा भाग आपल्या वजनाने उरलेल्याला ओढतो. या कारणाने गोधडीकारांचे फळे आयताकृती आणि २२ इंचांच्या आसपास रुंद असतात. लांबी बहुधा ५ फूट. ५८ इंच पन्ह्याचे कापड दुमडल्यावर २९ इंच होते. तेवढ्या रुंदीचे टेबल घरात ठेवणे बहुतेकांना शक्य नसते.

दोन्ही प्रकारची कामे करणाऱ्यांसाठी निमुळत्या टेबलावर बसवायचा आयताकृती फळा ही व्यवहार्य तडजोड आहे. फळा काढला की कपड्यांसाठी टोक मोकळे होते. जागा अगदी थोडी असेल तर भिंतीला बिजागरीने जोडलेली व वापरानंतर वर दुमडणारी टेबले मिळतात. आखूड पायांची, जमिनीवर किंवा टेबलावर ठेवायची छोटी टेबलेही असतात; ब्लाउज, बाळाची झबली, पिशव्या यांपुरते काम त्यांवर निभावते.

उंची

टेबल फार खाली असेल तर कंबर वाकते, फार वर असेल तर खांदा उचलला जातो. उभे राहून काम करणाऱ्यांनी कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. टेबलाचा पृष्ठभाग त्यापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे कोपर सुमारे ९५ सेंटिमीटरवर येते, म्हणजे तिला ८० ते ८५ सेंटिमीटर उंचीचे टेबल सोयीचे. गोधडीचे काम दाब देण्याचे असल्याने या मर्यादेतील खालची उंची बरी वाटते, कारण तेथे हाताच्या जोरापेक्षा शरीराचे वजन वापरता येते. १७८ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला मात्र ९५ सेंटिमीटरहून अधिक उंची लागेल आणि स्वस्त टेबले तेवढी वर जात नाहीत. फळा वर ठेवायचा असल्यास त्याची जाडीही हिशेबात धरावी.

बसून काम करताना टेबल शिवणयंत्राच्या टेबलाइतक्याच उंचीवर, यंत्राशी काटकोनात ठेवले तर खुर्ची फिरवून लगेच शिवण दाबता येते. काही अनुभवी शिवणकार मुद्दाम याच्या उलट करतात. ते टेबल दूर ठेवतात, म्हणजे दर काही शिवणींनंतर उठावे लागते आणि पाठ मोकळी होते. दिवसाचे सहा-सात तास शिवणाऱ्यांच्या बाबतीत ही दुसरी पद्धत दुर्लक्षिण्यासारखी नाही.

स्थैर्य

दुकानात टेबल उघडून त्याच्या निमुळत्या टोकावर तळहाताने दाब द्यावा, मग मध्यावर दोन्ही हातांनी भार टाकावा. आडवे-उभे हलवल्यास पाय सांध्यातून करकरत असतील किंवा टोक खाली जात असेल, तर ते टेबल शिवणकामाला निरुपयोगी समजावे. पायांच्या टोकांना रबर हवे, उंचीची कळ बोटात न चिमटता घट्ट बसायला हवी.

स्थैर्याचा खरा कस मोठ्या गोधडीच्या वेळी लागतो. दुहेरी पलंगाच्या गोधडीचा नुसता वरचा थरही हलक्या टेबलाला एका बाजूला ओढतो. टेबल भिंतीला किंवा पलंगाला लावून ठेवावे आणि मागे खुर्च्या किंवा दुसरे टेबल ठेवून लोंबणारा भाग त्यांवर घ्यावा.

घरी बनवलेला फळा

१२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा २२ इंच रुंद व ६० इंच लांब तुकडा, त्यावर सुती भरीचे दोन थर आणि वर कॅनव्हास, एवढ्यावर चांगला फळा तयार होतो. कॅनव्हास आधी धुऊन आटवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच वाफेत ते आखडते. ते खालच्या बाजूला वळवून पिनांनी ठोकताना समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने घ्याव्यात, म्हणजे ताण सारखा राहतो. कोपरे किंचित गोल घासले तर कापड अडकत नाही. फळ्याच्या खाली, मूळ टेबलाच्या दोन्ही कडांना लागून बसतील अशा लाकडी पट्ट्या ठोकल्याने तो सरकत नाही. एवढ्या प्लायवुडचे वजन सहा-सात किलो होते. खालचे टेबल तेवढे पेलणारे आहे का, हे फळा कापण्यापूर्वीच पाहावे. कच्च्या, तेलकट लाकडाची फळी वापरू नये, कारण उष्णतेने व वाफेने तिच्यातील रंग वर येऊन कापडाला डाग पडू शकतो.

पूरक साधने

बाहीचा फळा म्हणजे मोठ्या टेबलावर ठेवायचे अरुंद, छोटे टेबल. बाही, कफ आणि लहान मुलांचे कपडे त्यावर चढतात. टक किंवा छातीचा गोलवा सपाट टेबलावर दाबला तर शिवून आणलेला आकार नाहीसा होतो. त्यासाठी लाकडाचा भुसा दाबून भरलेली अंडाकृती कडक उशी वापरतात. तिची एक बाजू सुती व दुसरी लोकरी कापडाची असते. लाकडी ठोकळा वाफ दिलेल्या शिवणीवर धरून ठेवला की तो उष्णता व ओल शोषून घेतो आणि घडी पक्की बसते. गोधडीच्या जाड कोपऱ्यांसाठीही हा ठोकळा फार उपयोगी आहे.

महाराष्ट्रातील शिवणकाम आणि गोधडी

महाराष्ट्रातील शिंप्यांच्या दुकानांत इस्त्रीसाठी वेगळे टेबल क्वचितच असे. कापड बेतण्याचे लाकडी टेबलच, त्यावर जाड ब्लँकेट किंवा घोंगडी आणि वर सुती चादर टाकून, इस्त्रीसाठी वापरले जाई. परटांच्या गाड्यांवर कोळशाच्या वजनदार इस्त्रीखालीही अशीच रचना आढळते. रुंद, कडक, न हलणारा हा पृष्ठभाग गोधडीकारांच्या आधुनिक फळ्याशी गुणाने जुळतो. घरी पलंगावर चादर टाकून इस्त्री करण्याची सवय मात्र शिवणकामाला घातक आहे. गादी दाब शोषून घेते आणि उष्णता आत अडकते.

पारंपरिक गोधडी किंवा वाकळ करताना इस्त्रीची गरज भासत नसे आणि यामागे रचनेचे कारण आहे. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर जमिनीवर अंथरून धावदोऱ्याने एकत्र शिवले जात. ठिगळ वरून ठेवून, त्याची कड नखाने दुमडून शिवत. तुकडे एकमेकांना पाव इंच मायेने जोडले जात नसल्याने चूक पुढे साठत नसे आणि अनेकदा धुतलेले कापड बोटांच्या दाबानेच दुमडले जाई. कर्नाटकातील उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या कवदीतही कडेपासून आत येत, तुकडे हातानेच दुमडून शिवतात. आज शिवणयंत्रावर तुकडेजोड पद्धतीने गोधड्या करणाऱ्यांना इस्त्री लागते. हाताने गोधडी शिवणाऱ्यांनी ती नसल्याची उणीव मानण्याचे कारण नाही. पूर्ण झालेल्या गोधडीवर इस्त्री करणे दोन्ही परंपरांत टाळले जाते, कारण टाक्यांमधला फुगीरपणा बसून जातो.

विजेची जोडणी आणि सुरक्षितता

१,००० वॅटची साधी इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर विद्युतप्रवाह घेते आणि ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. २,००० वॅटची वाफेची इस्त्री सुमारे ८.७ अँपिअर घेते. तिला १६ अँपिअरचे सॉकेट लागते. टेबलालाच जोडलेले सॉकेट किंवा वायरफळी असेल तर तिची क्षमता वाचून मगच इस्त्री लावावी. एकाच वायरफळीवर शिवणयंत्र, दिवा आणि इस्त्री लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते व ती धोक्याची आहे.

शिवणकामात इस्त्री तासन्‌तास चालू राहते आणि लक्ष यंत्राकडे असते. त्यामुळे इस्त्री ठेवायची धातूची बैठक टेबलाच्या टोकाशी पक्की बसवलेली हवी व ती वापरात असलेल्या इस्त्रीच्या तळापेक्षा मोठी हवी. लोंबणारी वायर लहान मूल ओढू शकते. वायर वर धरून ठेवणारी तार असल्यास ती वापरावी. विसाव्या शतकाच्या मध्यात काही देशांत आवरणांत व इस्त्रीच्या बैठकीत ॲस्बेस्टॉस वापरले जाई. अशी जुनी वस्तू हाती आल्यास ती फाडू किंवा घासू नये, कारण त्याचे तंतू श्वासातून आत गेल्यास घातक ठरतात.

देखभाल

बकरम किंवा चिकटणारे अस्तर लावताना गोंद आवरणाला लागतो आणि तेथून पुढच्या कापडाला चिकटतो. अशा कामाच्या वेळी टेबलावर मांजरपाटाचा वेगळा तुकडा किंवा बेकिंगचा न चिकटणारा कागद टाकावा. मेणयुक्त खडूच्या खुणा उष्णतेने वितळून डाग पाडतात आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणा इस्त्रीने कायमच्या बसू शकतात, म्हणून त्या आधी काढून टाकाव्यात. खळ वापरणाऱ्यांच्या आवरणावर तपकिरी थर चढतो; आवरण काढून धुता येण्याजोगे असेल तर तो कोमट पाण्यात निघतो. धुतलेले आवरण पूर्ण वाळण्याआधीच, किंचित दमट असताना पुन्हा ताणून बसवले तर ते वाळताना घट्ट होते.